कुंपणापलीकडची आजे

ड्रोहेडा (आयर्लंड), २० सप्टेंबर २०२०, रविवार

रोजनिशी लिहिण्याची सवय निवृत्तीबरोबर सुटली होती. आज पुन्हा सुरू करतो आहे, कारण हाती कार्य आलं आहे.

मी आणि बायको अलकनंदा फेब्रुवारीत नागपूरहून मुलगा-सुनेकडे, आशिष-रेवतीकडे, आलो ते तीन महिन्यांसाठी. मग विमानं बंद झाली. आशिष वरच्या खोलीत आणि रेवती खाली जेवणाच्या टेबलाशी, असे दोघंही दिवसभर लॅपटॉपमधल्या माणसांशी बोलत असतात. मी उभी हयात कॉलेजात मराठी शिकवलं, विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालो. इथे माझ्याकडे डिशवॉशर रिकामा करण्याचं खातं आहे.

दुपारी चारुदत्तचा फोन आला. हा आशिषचा मित्र, डब्लिनला असतो, इथल्या मराठी मंडळींचे कार्यक्रम तोच ठरवतो. "काका, नवरात्रात झूमवर बोलाल का? विषय स्त्रीशक्ती. मुलंही असतील, तेव्हा जरा इंटरेस्टिंग करा." विचार करून कळवतो म्हणालो, आणि त्याने फोन ठेवायच्या आत हो म्हणून टाकलं.

अलकनंदाला सांगायला मागच्या अंगणात गेलो. ती कुंपणापाशी शेजारच्या नायजेरियन आजीबाईंशी बोलत उभी होती. ऐकून म्हणाली, "स्त्रीशक्तीवर तुम्ही बोलणार? बरं. आधी ती भांडी तेवढी प्रेसमध्ये लावून टाका."

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. तिने हे सहज उचललं आहे. मी अजून इस्त्री शोधतो.

२३ सप्टेंबर

विषयाला नावीन्य हवं. महिषासुराची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आज चहा पिता पिता सुचलं की विषय तर कुंपणाला टेकून उभा आहे.

शेजारच्या आजीबाई योरुबा, इबादान शहरातल्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मुलगी रोंके इथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्याकडे आल्या आणि आमच्यासारख्याच अडकल्या. नाव बोसेदे, पण त्यांना सगळे 'मामा' म्हणतात. मला हे जड जातं. "मामांनी पुदिना दिला," असं अलकनंदा म्हणाली की माझ्या डोळ्यांपुढे अकोल्याचे आमचे मामा येतात, धोतर आणि तपकिरीच्या डबीसकट.

योरुबा परंपरेत स्त्रीच्या अंगच्या गूढ शक्तीबद्दल पुष्कळ विचार झालेला आहे, असं इंटरनेटवर वाचलं. आपली शक्ती आणि त्यांची शक्ती, असा तौलनिक विषय डब्लिनमध्ये तरी आजवर कोणी मांडला नसेल. नागपुरातही नाही.

मामांनी शिकवायचं कबूल केलं. अट एकच, वेळेवर यायचं.

२५ सप्टेंबर

पहिला पाठ. कुंपण छातीइतकं उंच, मी अलीकडे, मामा पलीकडे खुर्चीवर, दोघांच्या तोंडाला मास्क. मी वही काढली.

आई म्हणजे 'इया'. मी थक्क झालो. इया, आई, या. संस्कृत आर्येशी नातं उघड दिसतं. हे मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "प्रोफेसर, आधी नीट म्हणा."

मी पाठ करून ठेवलेला नमस्कार म्हटला, "एकारो, इया."

मामांनी डोळे मिटले. घराच्या दारात उभी असलेली रोंके हसता हसता आत गेली. मग कळलं की या भाषेत सूर चढवला की एक अर्थ होतो आणि उतरवला की दुसरा. इया, शेवट चढा, म्हणजे आई. शेवट उतरला की त्याचा अर्थ यातना. मी त्यांना म्हणालो होतो, सुप्रभात, यातना.

आपण मराठी माणसं वाक्याच्या शेवटी खाली उतरतोच, त्याला माझा इलाज नाही. अलकनंदाने मात्र एकदाच ऐकलं आणि बरोबर म्हटलं. ती टेलिफोन खात्यात होती, आवाजावरून माणूस ओळखायची, त्यामुळे असेल.

२९ सप्टेंबर

मुख्य शब्द सापडला. 'आजे'. इंटरनेटवर अर्थ दिला आहे 'विच'. म्हणजे चेटकीण. आणखी लिहिलं आहे की या बाया पक्ष्याचं रूप घेतात, आणि गर्भावर त्यांची सत्ता चालते.

मी कुंपणापाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "मामा, आजे म्हणजे काय?"

 खुर्चीतून वाकून मामांनी बोटांनी जमिनीला स्पर्श केला. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "हा शब्द असा अंगणात ओरडायचा नसतो. आमच्याकडे जुनी माणसं तो उच्चारतच नाहीत. 'आमच्या आया' म्हणतात. बाईच्या पोटात जग धरून ठेवायची ताकद असते, तिचं ते नाव. ती राखते, तीच बिघडवते. आणि तुम्ही जे म्हणालात, त्याचा अर्थ धंदा."

सूर पुन्हा चुकला होता. आजे, पहिलं अक्षर खाली ठेवलं तर ती शक्ती, जरा वर घेतलं तर पैसा-व्यापार. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. व्याख्यानात कसं करावं, ही चिंता आहे.

घरात आल्यावर अलकनंदाला समजावू लागलो, तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात काय नवीन आहे? बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. अंगावर फोड आले तं देवी आल्या म्हणायचे. तसंच ते."

"पण अर्थ?"

"आपली भवानी नाही का. देवळात भवानी म्हटलं की हात जोडतात, आणि घरात सुनेला भवानी म्हटलं की तिनं समजून जायचं. शब्द एकच."

मुद्दा बरा होता, पण शास्त्रीय नाही. वहीत घेतला नाही.

५ ऑक्टोबर

घरात काहीतरी बिनसलं आहे.

रेवतीची तब्येत ठीक दिसत नाही. सकाळी बाथरूममध्ये बराच वेळ असते. मी फोडणीचं वरण केलं (मला एवढंच येतं), तर नाकाला ओढणी लावून वर निघून गेली. विचारलं तर म्हणते, "ग्रँड आहे बाबा, अॅसिडिटी." इथे सगळं ठीक असलं की ग्रँड म्हणतात. आशिष तिच्या मागे पाण्याची बाटली घेऊन फिरतो.

दुसरं असं की, पुढच्या महिन्यात भारतात जाणाऱ्या खास विमानाची आमची तिकिटं निघाली होती. अलकनंदाने ती मला न विचारता आशिषला रद्द करायला सांगितली. का, म्हणून विचारलं. म्हणाली, "थंडीत कायले धावपळ करायची? राहू उन्हाळ्यापर्यंत." हीच बाई ऑगस्टपर्यंत नागपूरच्या घरातल्या तुळशीसाठी झुरत होती.

आणि ती सारखी कुंपणापाशी असते. मामा आणि ती डोकी जवळ आणून बोलतात. दोघींत सहा फुटांचं अंतर आहे खरं, पण डोकी जवळ आणल्यासारखंच वाटतं. मी गेलो की पुदिन्याचा विषय निघतो.

९ ऑक्टोबर

मामांनी कुंपणावरून एक बाटली दिली. आल्याचा उग्र वास, रंग मातकट. रेवतीने ती सकाळी थोडी थोडी प्यायली आणि दोन तासांनी पोळी खाल्ली. आठवडाभरात पहिल्यांदा.

आज कुंपणावर एक मॅगपाय बसलेला दिसला. काळा-पांढरा, शेपटी लांब, आणि नजर थेट माझ्याकडे. मामांच्या अंगणातून उडून आमच्या छपरावर गेला. मी विवेकवादी माणूस आहे. नोंद म्हणून लिहितो, एवढंच.

१२ ऑक्टोबर

मन स्वस्थ नाही, म्हणून मोकळेपणी लिहितो.

गेल्या वर्षी रेवती इस्पितळात होती. आम्ही तेव्हा नागपूरला. आशिष फोनवर म्हणाला होता, "बाबा, आता नाहीये." त्यापुढे तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. घरात तो विषय कोणी काढत नाही. पुढेमागे देवाने दिलं तर सगळं नीट व्हावं, एवढंच मनात असतं. आणि इंटरनेटवर ते गर्भाचं वाचल्यापासून मला ती मातकट बाटली सतत दिसते. शेजारची बाई आमच्या सुनेला काय पाजते आहे, आणि माझी बायको तिला सामील कशी झाली?

उद्या एक प्रयोग करणार आहे.

१३ ऑक्टोबर

प्रयोग फसला.

आई आमची दृष्ट काढायची तेव्हा मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून निखाऱ्यात टाकायची. इथे निखारे नाहीत. रेवती मीटिंगमध्ये असताना मी तिच्या पाठीमागून मूठ ओवाळली (तिला वाटलं मी माशी हाकलतो आहे) आणि स्वयंपाकघरात जाऊन कोरड्या कढईत टाकली. दृष्ट नसेल तर खाट, म्हणजे मिरचीचा ठसका, उठतो, असेल तर उठत नाही, असं आई म्हणायची.

खाट उठला. इतका, की छतावरचा अलार्म कोकलायला लागला. रेवती तोंडावर हात धरून बाहेर पळाली. आशिष वरून धावत आला, त्याच्या कानातल्या फोनवर अख्खी टीम खोकणं ऐकत होती. डाव्या बाजूच्या शेजाऱ्याने, डेक्लनने, भिंतीवरून विचारलं की फायर ब्रिगेड बोलवू का. मी म्हणालो, नको, फोडणी करत होतो.

अलकनंदाने कढई पाहिली. मोहऱ्या पाहिल्या. माझ्याकडे पाहिलं. "कोणाची काढत होते?"

मी सांगितलं. कोणाबद्दल शंका आहे तेही सांगितलं. ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ हसली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "अजी, हे बाहेर कुठं बोलू नका."

तिलाही धास्ती वाटते तर.

१८ ऑक्टोबर, रविवार

काल घट बसले. मामांनी अंगणातली माती दिली, अलकनंदाने दह्याच्या डब्यात गहू पेरले.

आज व्याख्यान झालं. पडद्यावर तीसेक घरं, काही नागपूरची पाहुणे मंडळी. अलकनंदाने माझ्या नकळत रोंकेला लिंक पाठवली होती. गुरूने शिष्याचं भाषण बघायला नको का, असं तिचं म्हणणं. मला एका चौकोनात मामा दिसल्या, डोक्याला निळं कापड नेटकं गुंडाळलेलं, समोर चहा. बरं वाटलं. भाषण मराठीत, त्यामुळे त्यांना काही कळणार नव्हतं.

सुरुवात उत्तम झाली. आर्या, इया, आई. मग रंगात आलो. चारुदत्तने मुलांसाठी इंटरेस्टिंग करा म्हटलं होतं, आणि पडद्यावरची मुलं जांभया देत होती. तेव्हा मी म्हणालो, "आजे, म्हणजे चेटकीण, ही केवळ पुस्तकातली गोष्ट नाही. आमच्या कुंपणापलीकडे एक वृद्ध बाई राहतात. त्यांच्या ठायी ही विद्या असावी असा माझा कयास आहे." पक्षी सांगितला, बाटली सांगितली. जांभया थांबल्या. मला वाटलं, सभा जिंकली.

इथल्या मुलांना मराठी थोडं समजतं पण भाषण झेपत नाही, म्हणून चारुदत्तची मुलगी साक्षी बाजूच्या चॅटमध्ये माझ्या भाषणाचा सारांश इंग्रजीत लिहीत होती. हे मला नंतर कळलं. तिने लिहिलं, 'काका म्हणतात त्यांच्या शेजारची आजी खरोखरची चेटकीण आहे.' खाली मुलांनी हसरे चेहरे टाकले होते.

मामांचा चौकोन काळा झाला. मला वाटलं नेट गेलं.

१९ ऑक्टोबर

नेट गेलं नव्हतं.

सकाळी रोंके आली, दूर फाटकापाशीच उभी राहिली. इस्पितळाच्या कपड्यांत, ड्यूटीवर निघालेली. आवाज चढवला नाही.

"काका, तुमचा उच्चार इतका वाईट आहे की निम्मा वेळ तुम्ही माझ्या आईला धंदा म्हणत होतात. त्यावर मी हसले असते. पण चॅट इंग्रजीत होतं." मग म्हणाली, "माझ्या आईची आजी बाजारातल्या बायकांची पुढारी होती. दोन नातवंडं तापाने गेली, तेव्हा घरच्यांनीच तिला हा शब्द लावला आणि बाहेर काढलं. आईने लहानपणी ते पाहिलंय. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, कोणीतरी तिच्याकडे तो शब्द शिकायला येतो म्हणून तिला बरं वाटत होतं. तुम्ही शिकलात आणि तिलाच फेकून मारलात."

मी म्हणालो, माझा हेतू तौलनिक होता. ती गाडीत बसून गेली.

अलकनंदा बोलत नाही. चहा समोर ठेवते, कप जरा जोरात. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तुमच्या आई मला येता-जाता महामाया म्हणायच्या. तुम्ही पेपर वाचत बसायचे."

आई तिला कौतुकाने महामाया म्हणायची. हा विषय इथे का निघाला, समजलं नाही.

कुंपणापलीकडची खुर्ची रिकामी आहे.

२० ऑक्टोबर

आजचं क्रमाने लिहितो.

दुपारी वरून रेवतीची हाक आली, "आई." फक्त अलकनंदाला. मग जिन्यावर पावलं, गाडीची किल्ली, आशिषचा पांढरा चेहरा. दोघं इस्पितळात गेली. मी विचारलं, अॅसिडिटी इतकी वाढली का?

अलकनंदाने मला सोफ्यावर बसवलं. "रेवतीला दिवस गेलेत. तिसरा महिना लागायचाय. मागच्या वेळी सगळ्यांना सांगून बसलो आणि मग सगळ्यांना नाही म्हणून सांगत बसावं लागलं. म्हणून ती म्हणाली, आई, यावेळी कोणालेच नको. मले कळलं कारण मी बाई आहे. मामांनले कळलं कारण त्यांनी कुंपणावरून पाहिलं आणि ओळखलं. ते आल्याचं पाणी ओकाऱ्यांसाठी होतं. दवाखान्यात विचारून घेत होती पोरगी."

"आणि आता काय झालं?"

"डाग दिसला."

आम्ही दोघं घटासमोर बसून राहिलो. गव्हाला पोपटी अंकुर आले होते. मला एकही स्तोत्र आठवेना, आणि मला पुष्कळ येतात.

आशिषचा फोन आला की साथीच्या नियमांमुळे त्याला आत सोडलं नाही, तो गाडीत बसून आहे, रेवती आत एकटीच. अलकनंदा उठली, ओढणी घेतली, सरळ मामांच्या दारी गेली आणि बेल वाजवून चार पावलं मागे उभी राहिली. आपल्या घरातून त्यांना असं बोललं गेल्यावर तिथे जायला मला जमलं नसतं. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. मामांनी लगेच फोन कानाला लावला, एवढं खिडकीतून दिसलं.

रोंकेची ड्यूटी नुकतीच संपली होती. ती तशीच रेवतीच्या वॉर्डात गेली. मास्क, एप्रन, हातमोजे घालून तिच्याशेजारी बसली, तपासणीला आत बोलावेपर्यंत हात धरून.

बाळाचे ठोके आहेत. चांगले आहेत. डॉक्टर म्हणाल्या, विश्रांती घ्या, काळजी करू नका.

आशिष घरी आल्यावर स्वयंपाकघरात पाठमोरा उभा राहून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो लहान असताना ठेवायचो तसा जमला नाही, पण ठेवला.

२२ ऑक्टोबर

आजपासून पुन्हा कडक निर्बंध. कोणाच्या घरी नाही, कोणाच्या अंगणातही नाही. माफी मागायला कुंपणाचीच जागा उरली.

रात्रभर मजकूर तयार केला होता, इंग्रजीत, दोन परिच्छेद. सकाळी मामा तारेवर कपडे वाळत घालायला बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, "एकारो, मा" (मा म्हणजे बाईसाहेब), आणि पुढचे दोन्ही परिच्छेद खिशातच राहिले.

योरुबा पुरुष वडीलधाऱ्यांसमोर पूर्ण पालथा पडून नमस्कार करतो, हे पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं. आपला साष्टांगच तो. मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि आमच्या बाजूच्या ओल्या गवतात आडवा झालो. कपाळ चिखलात टेकलं. मग लक्षात आलं की कुंपण लाकडी फळ्यांचं आहे आणि मामांना पलीकडून मी दिसतच नसेन. त्यांच्या दृष्टीने मी एकाएकी नाहीसा झालो होतो.

उठायला गेलो, तर कंबर धरली.

डाव्या बाजूच्या भिंतीवरून डेक्लनचं डोकं वर आलं. "सगळं ठीक आहे ना तिकडे?"

"ग्रँड," मी गवतातून म्हणालो. दुसरा शब्द सुचला नाही.

"युअर मॅन पडलाय," त्याने मामांना ओरडून सांगितलं. इथे कोणाही गड्याला युअर मॅन म्हणतात.

मामा खाली वाकून बघायला खुर्चीवर चढल्या. कुंपणावरून निळं कापड दिसलं, मग चेहरा. त्यांनी खाली पाहिलं. "प्रोफेसर, हे माझ्यासाठी आहे की तुम्ही घसरलात?"

"तुमच्यासाठी. पण आता उठता येत नाही."

त्या हसल्या नाहीत. मुख्याध्यापिकेच्या आवाजात सूचना दिल्या. डाव्या कुशीवर वळा, गुडघा पोटाशी घ्या, घाई नको. मी गुडघ्यांवर आलो तेव्हा म्हणाल्या, "माझ्या आजीला बाहेर काढलं त्या दिवशी घरच्यांना एकही माणूस आडवा आला नाही. तुम्ही निदान आडवे झालात."

मी म्हणालो, चूक झाली. अर्थ पाहिला, पण कोणाला लागेल ते पाहिलं नाही.

"तो शब्द जड आहे," त्या म्हणाल्या. "दोन हातांनी उचलायचा. तुम्ही त्याला चेंडू समजलात." मग खुर्चीवरून उतरता उतरता म्हणाल्या, "सुनेला थंड पाण्यात हात घालू देऊ नका. आणि तुमची कंबर शेकून घ्या."

आणि आत गेल्यावर हसल्या. मायलेकी दोघी. फळ्यांतून स्पष्ट ऐकू आलं.

२५ ऑक्टोबर, दसरा

चारुदत्तच्या ग्रुपवर मराठीत आणि इंग्रजीत खुलासा टाकला. मी म्हटलेलं चूक होतं, तो शब्द आदराचा आहे, आणि ज्या बाईंबद्दल मी बोललो त्या माझ्या शिक्षिका आहेत. इंग्रजी साक्षीने तपासून दिलं. नागपूरच्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, म्हणजे चेटकीण नाहीत का? त्याला उत्तर दिलं नाही.

अलकनंदाने वाचलं. आज कप हळू ठेवला.

१४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. कुंपणावरून चकल्या गेल्या, तिकडून गोल तळलेले गोड गोळे आले. रेवतीने आठ खाल्ले. फोडणी अजून सहन होत नाही, त्यामुळे माझं वरण बंद आहे. कोणाला फारसं दुःख झालेलं नाही.

१७ फेब्रुवारी २०२१

पाठ पुन्हा नियमित चालू आहेत. आता मी कमी विचारतो. मामा म्हणतात, प्रगती आहे. अलकनंदा आणि मामा फोनवर अर्धी योरुबा, अर्धी वऱ्हाडी बोलतात. मला त्यातलं निम्मं कळतं, कुठलं निम्मं ते सांगता येत नाही.

२५ मे

मुलगी झाली. पहाटे. दोघी सुखरूप. आशिषने फोनवर सांगितलं आणि मी फोन अलकनंदाकडे न देता पाच मिनिटं नुसता कानाला लावून उभा होतो, असं ती म्हणते.

५ जून

आज बारावा दिवस. अंगणात भेटायला आता परवानगी आहे, म्हणून बारसं बाहेरच केलं. पाळणा म्हणून कपड्यांची टोपली. रोंके आणि मामा पहिल्यांदाच फाटकातून आत आल्या. मामा अंगणात उभ्या राहिल्या आणि कुंपणाकडे या बाजूने पाहिलं. "इकडून तर फारच बुटकं दिसतं," म्हणाल्या.

आशिष-रेवतीचं नावावर एकमत झालं नव्हतं. मामा म्हणाल्या, आमच्याकडे प्रत्येक वडीलधारं माणूस एक नाव देतं, मी माझं देते. त्यांनी बाळाच्या कानाशी वाकून म्हटलं, "दुरोजाये."

रेवतीने अर्थ विचारला. मामांनी तिच्याकडे पाहून सांगितलं, "थांब, आणि जगण्याची मजा घे. आधीचं मूल राहिलं नाही, की पुढच्याला आम्ही नावातूनच विनवतो."

 रेवतीने बाळाला जवळ घेतलं. आधीच्या त्या गोष्टीबद्दल या घरात सगळ्यांदेखत बोललेलं हे पहिलंच वाक्य.

मग माझ्याच तोंडून निघालं, "मला घरी धोंडू म्हणायचे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली होती. म्हणून आईने माझं नाव दगडाचं ठेवलं, म्हणजे यमाला वाटावं, हा दगड आहे, कशाला न्यायचा. पद्माकर हे नाव शाळेत घालताना लावलं.

मामांनी मान हलवली. "तुमच्या आईला ठाऊक होतं," एवढंच म्हणाल्या.

अलकनंदा माझ्याकडे बघत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला हे कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. "मले वाटे," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मठ्ठ होते म्हणून म्हणत असतील."

रोंके सगळ्यात आधी हसली. मग सगळेच.

दुरोजाये हे नाव अलकनंदाच्या जिभेवर दुपारपर्यंत टिकलं. संध्याकाळी दूध पाजायला उचलताना ती म्हणाली, "ये गं जाई." रेवतीने मान वर केली. आशिषने तिच्याकडे पाहिलं. नाव ठरलं.

मी सांगू पाहिलं की जाई हे नाव त्या फुलाच्या 'जाती' या संस्कृत नावावरून आलेलं असलं तरी ऐकणाऱ्याला त्यात जाणे हे क्रियापद ऐकू येतं, आणि मूळ नावाचा अर्थ तर थांब, म्हणजे नेमका उलटा—

"अजी," अलकनंदा म्हणाली, "धरा तिला. मले बाटल्या उकळायच्या आहेत."

मी धरली. तिने माझ्या उजव्या हाताचं बोट मुठीत घेतलं आणि झोपून गेली. सोडवून पाहिलं, सुटत नाही. म्हणून आजचं सगळं डाव्या हाताने लिहिलं आहे. अक्षर वाईट आलं आहे, पण घाई नाही.